थकलेले हृदय आणि फावला वेळ

'हार्ट फेल झाले' हे शब्द आपल्या घरांत एकाच प्रसंगी उच्चारले जातात. माणूस गेला, एवढाच त्यांचा अर्थ. मी मराठीचा प्राध्यापक; परभाषेतला शब्द आपल्याकडे येऊन कसा अर्थ पालटतो, याचे मला नेहमीच कुतूहल वाटते. परंतु या शब्दाने मोठा घोटाळा करून ठेवला आहे. डॉक्टर ज्याला हार्ट फेल्युअर म्हणतात, तो रोग जडलेला माणूस जिवंत असतो. त्याचे हृदय बंद पडलेले नसते, थकलेले असते. शरीराला हवे तितके रक्त ते पुढे ढकलू शकत नाही. पावलांवर सूज येते, जिना चढताना धाप लागते, आणि रोग बळावला की उताणे निजणेही अशक्य होते. तीन उशांना टेकून तो बिचारा पहाटेची वाट पाहत बसतो.

माझा भाचा एका धर्मादाय रुग्णालयात हृदयरोगतज्ज्ञ आहे. नुकताच शिकून बाहेर पडलेला. परवा म्हणाला, "मामा, याच रोग्यांवर मला काम करायचं आहे. घरी गेल्यावर औषध का सुटतं, कोणाला किती मात्रा सोसते, हे मोजायचं आहे. पण मोजू केव्हा? सकाळी ओपीडी, दुपारी अँजिओग्राफी, रात्री फोन." संशोधनाला त्याला कोणी मनाई केलेली नाही, ते फावल्या वेळात करावे, एवढेच वरिष्ठांचे म्हणणे. आम्हां प्राध्यापकांना उन्हाळ्याची सुट्टी तरी असते. (ती आम्ही कशी घालवतो, हे येथे न सांगितलेलेच बरे!)

आता फावल्या वेळातल्या संशोधनाचे काय होते, ते पाहा. १९२९ साली बर्लिनजवळच्या एबर्सवाल्डे गावी वेर्नर फोर्समान नावाचा पंचविशीतला डॉक्टर होता. दंडाच्या शिरेतून बारीक नळी थेट हृदयापर्यंत नेता येईल, असे त्याच्या मनाने घेतले. वरिष्ठांनी परवानगी नाकारली. तेव्हा या पठ्ठ्याने नळी स्वतःच्याच शिरेत ६५ सेंटिमीटर सारली, तशीच घेऊन जिना उतरला आणि क्ष-किरणांचा फोटो काढून घेतला. नळीचे टोक हृदयात होते! कौतुक दूरच, पुढे बर्लिनच्या रुग्णालयातली नोकरी गेली, आणि तो मूत्ररोगांकडे वळला. त्याच्या नळीने हृदयाचे दाब आणि रक्ताचा प्रवाह मोजण्याचे काम न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात कूर्नां आणि रिचर्ड्स यांनी केले. १९५६ साली नोबेल पारितोषिक तिघांना मिळून मिळाले खरे, पण मधली सत्तावीस वर्षे कोणी परत दिली?

दुसरी गोष्ट स्वीडनमधल्या गोथेनबर्गची. दमलेला बैल घाट चढेना, तर गाडीवान चाबूक ओढतो. थकलेल्या हृदयाच्या बाबतीत आपले शरीर हेच करते. अ‍ॅड्रिनॅलिनसारखी द्रव्ये सोडून ते हृदयाला पळवत राहते. आज पळते, पण उद्या अधिकच खंगते. हा चाबूक रोखून धरणारी औषधे, म्हणजे बीटा ब्लॉकर, त्या वेळी उपलब्ध होती. परंतु थकल्या हृदयाला ती देणे म्हणजे मारेकऱ्याचे काम, असेच ग्रंथ सांगत. फिन वागस्टाइन या तरुण डॉक्टरने १९७३ साली हे औषध अत्यवस्थ रोगी स्त्रीला दिले, आणि तिला उतार पडला. १९७५ साली त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी निबंध छापला, तो अवघ्या सात रोग्यांवरचा. वैद्यक जगताने नाक मुरडले. मात्रा अगदी थोडी ठेवून ती आठवड्यां-आठवड्यांनी वाढवावी लागते, हे कसब शिकण्यातच वर्षे गेली. शेवटी १९९९ साली ३,९९१ रोग्यांवरच्या चाचणीत मृत्यू ३४ टक्क्यांनी घटलेले दिसले. २००१ साली अतितीव्र रोगाच्या २,२८९ रोग्यांतही तसेच दिसले. आज ही गोळी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात काही रुपयांना मिळते.

सात रोग्यांपासून चार हजारांपर्यंतची ही चोवीस वर्षे. मला विचाराल तर या साऱ्यात महाग वस्तू यंत्र नव्हे, डॉक्टरचा वेळ आहे. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थांनी हे ओळखले. तिथे के-२३ नावाचे अनुदान आहे. तरुण डॉक्टरचा तीन ते पाच वर्षांचा वेळ सरकार जणू विकतच घेते, आणि त्यातला सामान्यतः ७५ टक्के संशोधनाला दिलाच पाहिजे, अशी अट घालते. हाताशी अनुभवी गुरू हवा, हीही अट आहेच.

आपल्याकडे हे का हवे? परक्यांची आकडेवारी आपल्या रोग्यांना लागू पडत नाही म्हणून. २०१३ साली तिरुवनंतपुरमच्या अठरा रुग्णालयांत १,२०५ रोग्यांची नोंद झाली. सरासरी वय ६१ निघाले. पाश्चात्त्य नोंदींत ते सत्तरीच्या घरात असते. म्हणजे आपल्याकडे हा रोग कर्त्या माणसाला गाठतो, मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण व्हायचे असताना. पाच वर्षांत त्यांपैकी ५९ टक्के दगावले. ज्यांना योग्य ती औषधे मिळाली, ते अधिक जगले. मग बाकीच्यांना ती का मिळाली नाहीत, याचे उत्तर बोस्टनमध्ये बसून कोण शोधणार?

केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांनी मिळून २००८-०९ पासून तरुण संशोधकांना शिष्यवृत्त्या देण्यास आरंभ केला. डॉक्टरांसाठी त्यांत वेगळी सोय ठेवली. २०२५ च्या ऑक्टोबरात मंत्रिमंडळाने या योजनेच्या तिसऱ्या टप्प्याला मंजुरी दिली. रक्कम १,५०० कोटी. हजार आपले, पाचशे त्यांचे. अर्जासोबत मात्र ज्या संस्थेत काम करायचे, तिचे संमतिपत्र जोडावे लागते.

भाच्याने अर्जाचा मसुदा तयार केला आहे. त्यातली मराठी प्रश्नावली मी तपासून दिली. 'तुमचे हार्ट फेल आहे' असे रोग्याला कसे सांगावे, यावर आमचा तासभर वाद झाला. रुग्णालयाचे पत्र तेवढे अजून यायचे आहे.