उत्तराधिकार प्रमाणपत्र

मृत व्यक्तीला इतरांकडून येणे असलेले ऋण आणि तिच्या नावावरील रोख्यांचे पैसे वसूल करण्याचा अधिकार देणारा न्यायालयीन दाखला. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ याच्या दहाव्या भागात (कलमे ३७० ते ३९०) त्यासंबंधीच्या तरतुदी आहेत. वारस कोण, हे मात्र त्या त्या व्यक्तिगत कायद्याने ठरते.

धनकोच्या मृत्यूने ऋण नाहीसे होत नाही; ते कोणास द्यावे, एवढाच प्रश्न ऋणकोपुढे उभा राहतो. विधवेने मागितले म्हणून तिला दिले आणि पुढे मुलाने किंवा आईने दावा लावला, तर तीच रक्कम दुसऱ्यांदा देण्याची पाळी येते. ही भीती दूर करणे हा या दाखल्याचा मूळ हेतू होय. म्हणूनच उत्तराधिकारी म्हणून मागणी करणाऱ्यास असा दाखला, प्रोबेट किंवा व्यवस्थापनपत्र यांपैकी काही सादर केल्यावाचून ऋणकोविरुद्ध हुकूमनामा मिळत नाही (कलम २१४). शेतजमिनीचा खंड यास अपवाद आहे. उलट, दाखलाधारकास सद्‌भावपूर्वक पैसे देणारा ऋणको आपल्या जबाबदारीतून पूर्णतः मुक्त होतो (कलम ३८१).

अर्जाची चौकशी संक्षिप्त स्वरूपाची असते. प्रश्न फार गुंतागुंतीचे असल्यास प्रथमदर्शनी ज्याचा हक्क सर्वांत सबळ दिसेल, त्यास दाखला देता येतो. त्यामुळे दाखला हाती येणे म्हणजे रकमेचा मालक होणे नव्हे. इतर वारसांना वेगळा दावा लावून आपला हक्क सिद्ध करता येतो व दाखलाधारकाकडे हिशेब मागता येतो (कलम ३८७). कुटुंबांतील बहुतेक तंटे नेमके हे न उमगल्यामुळे उद्‌भवतात. नामनिर्देशनाविषयीही असाच गैरसमज आढळतो. विम्याच्या एका प्रकरणी विधवा नामनिर्देशित असूनही मुलगा व सासू यांचा वाटा सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये मान्य केला. आईवडील, पती वा पत्नी आणि मुले यांचे नामनिर्देशन विमाधारकाने केले असल्यास त्यांना २०१५ च्या दुरुस्तीने लाभाचा हक्क मिळाला. पण कंपनीच्या भागांबाबत नामनिर्देशिती मालक ठरत नाही, असा निर्णय त्याच न्यायालयाने २०२३ मध्ये दिला. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता वारल्यास त्याची आई ही विधवा व मुले यांच्याबरोबरीने प्रथम वर्गातील वारस असते. वडील त्या वर्गात नाहीत. घरच्या वाटपात आईचे नाव पुष्कळदा गळते, हे खेदजनक आहे.

वारसांमधील एखादाच मृताचा ऋणको असला, म्हणजे तंटा विशेष चिघळतो. भावाकडे मागावे कसे, या संकोचात काळ जातो. पण एकदा सुरू झालेली मुदत धनकोच्या मृत्यूने थांबत नाही. उसन्या रकमेच्या दाव्यास मुदत सामान्यतः तीन वर्षांची आहे. मात्र ऋणकोलाच मृताच्या मालमत्तेचे व्यवस्थापनपत्र मिळाले असेल, तर व्यवस्थापन चालू असेपर्यंत मुदत तहकूब राहते (मुदत अधिनियम, १९६३, कलम ९). अन्यथा स्वतःविरुद्ध दावा न लावूनच तो ऋणमुक्त झाला असता.

महाराष्ट्रात ‘वारस दाखला’ म्हणून ओळखला जाणारा, १८२७ च्या मुंबई विनियम ८ खालील दाखला याहून वेगळा आहे.