मेंदोसाच्या पाटावर

मेंदोसात वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्या मराठवाड्यातल्या जवळा बाजारला बऱ्या वर्षी त्याच्या चौपट पडतो, तरी आम्ही आभाळाकडे बघतच असतो. मग अर्जेंटिनाची बहुतेक वाईन याच कोरड्या मुलखातून निघते कशी, हा प्रश्न मला चवीच्या आधी पडला. सगळी नोकरी सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर गेली. पाळी, चारी आणि दरवाजा यापलीकडे माझं डोकं चालत नाही, असं ही म्हणते.

मुलगा उरुग्वेत मोंटेव्हिडिओला संगणकाच्या कामावर आहे. त्याच्याकडे आम्ही दोघं गेलो ते मार्चमध्ये. तिकडे तेव्हा उन्हाळा सरत आलेला असतो. द्राक्षांची तोडणी चालू असते. पहिली चव तन्नातची. १८७० साली पास्काल आरियाग या बास्क माणसानं हे द्राक्ष उरुग्वेत साल्तो भागात आणलं, आता ते देशाचंच म्हणून मिरवतं. घोट घेतला आणि जीभ टाळूला चिकटली. सालीतलं नि बियांतलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. तिथले लोक सोबत भाजलेलं गोमांस खातात, त्यातली प्रथिनं आणि चरबी तो तुरटपणा मारतात. आम्ही चीजवर भागवलं. तेवढ्यानंही फरक पडला.

वाईन चाखायची रीत वेगळी आहे. प्याला पाव भरायचा, रंग उजेडात बघायचा, गोल फिरवून वास घ्यायचा, घोट तोंडभर खेळवायचा आणि पाहिजे तर शेजारच्या बादलीत थुंकायचा. थुंकणं तिथं अपमान नाही, दिवसाला डझनभर वाईन चाखणाऱ्याला ते करावंच लागतं. मला ही सोय फार आवडली. हिच्या गळ्यात माळ, तिनं प्याल्याला हात लावला नाही. पण पुढं मेंदोसाला गेलो तेव्हा तिथल्या मळ्यात तिनं वेलीवरचं द्राक्ष तोडून खाल्लं, आणि खरी गोष्ट तिनंच काढली.

"गोड तर लई हाय," ती म्हणाली, "पण एवढाल्या बारीक मण्याला आपल्याकडं कोण घेईल?"

माल्बेकचे ते मणी काळेनिळे, आत बिया. आपलं खायचं थॉमसन द्राक्ष १८ ब्रिक्सच्या आसपास गोडीला तोडतात, हे २४ पर्यंत जातं. तीच साखर पुढे किण्वनात अल्कोहोल होते. माल्बेकचा रस पांढराच असतो. रंग, तुरटपणा आणि बराचसा वास सालीत. म्हणून लाल वाईन सालीसकट आंबवतात, पांढरीसाठी रस आधीच गाळून घेतात. मणी बारीक तर रसाच्या मानानं साल जास्त, म्हणून वाईन गडद. आणि मणी बारीक ठेवायचा तर वेलीला पोटभर पाणी द्यायचं नाही.

इथं मी प्याला खाली ठेवला आणि पाटाकडे निघालो.

अँडीजवरचा बर्फ वितळून नद्यांत येतो, मेंदोसा नदीवर पोत्रेरिओसचं धरण आहे, आणि तिथून पाणी पाटांनी मळ्यांत जातं. स्पॅनिश लोक येण्याआधी हुआर्पे लोकांनी असे पाट काढले होते. शहरातसुद्धा रस्त्याकडेला झाडांच्या मुळाशी उघडे पाट वाहतात. १८८४ च्या कायद्यानं पाण्याचा हक्क जमिनीला बांधून टाकला, जमीन सोडून नुसतं पाणी विकता येत नाही. पाळीप्रमाणे दरवाजे उघडणाऱ्या माणसाला तिथं तोमेरो म्हणतात. मला एक भेटला. मुलानं दुभाष्याचं काम केलं. आपल्याकडचा नमुना नंबर सातचा पाणी अर्ज त्याला समजावताना मुलाला घाम फुटला, पण टेलला, म्हणजे पाटाच्या शेवटाला, पाणी पोचतं का, एवढं विचारल्यावर तोमेरो असा हसला की दुभाषा लागलाच नाही.

मण्यांना रंग चढू लागला की पाणी कमी करतात. मोसंबीला आपण बहारासाठी ताण देतो, इथला ताण सालीसाठी. नव्या मळ्यांत ठिबक आहे, जुन्यांत अजून सरीनं पाणी. गारपिटीसाठी वेलींवर जाळ्या ताणलेल्या होत्या. २०१४ ची मराठवाड्यातली गारपीट पाहिलेल्या माणसाला त्या जाळ्यांचा हेवा वाटणारच. माल्बेक मूळचं फ्रान्सचं. १८५३ साली मिशेल पुजे या फ्रेंच कृषितज्ज्ञानं अर्जेंटिनात आणलं. उंचावरचं कडक ऊन आणि थंड रात्री त्याला मानवल्या. चव जांभळाच्या जवळची, पण तुरटपणा तन्नातपेक्षा कितीतरी मऊ. मला तीच आवडली.

बसनं घाट ओलांडून चिलीत उतरलो. तिथलं कार्मेनेर फ्रान्समध्ये फायलॉक्सेरा किडीनं जवळपास संपलं होतं, चिलीत मात्र मर्लो समजून शतकभर पिकवलं गेलं. १९९४ च्या नोव्हेंबरमध्ये झाँ-मिशेल बुर्सिको या फ्रेंच तज्ज्ञानं वेल पाहून ओळखलं. नीट पिकलं नाही तर वाईनला ढोबळ्या मिरचीचा वास येतो. आम्हाला आला.

परतल्यावर नाशिकला गेलो. तिथली तोडणीही जानेवारी ते मार्च. आपल्याकडे वेल थंडीत झोपत नाही, म्हणून एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळछाटणी करून हिवाळ्यात माल काढतात. राजीव सामंतांच्या सुलाची पहिली वाईन २००० सालची. इगतपुरीजवळच्या व्हॅलोनेनं माल्बेकही केलं आहे. ते मेंदोसाइतकं भरीव लागलं नाही, पण आयात बाटलीवरचं सीमाशुल्क आणि वर राज्याचे कर पाहिले की घरचं माल्बेक समजूतदार वाटतं. लाल वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा नियम थंड देशातल्या खोल्यांचा. आमच्याकडे एप्रिलमध्ये बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावी.

पुतण्यानं विचारलं, "काका, टेलच्या दोन एकरात वाईनचं द्राक्ष लावावं का?" मी नाही म्हणालो. आपली काळी जमीन पाणी धरून बसते, वेलीला हवा तसा ताण बसत नाही. तोडलेला माल लवकरात लवकर गाळपाला जावा लागतो, आणि नाशिक इथून चारशे किलोमीटरच्या आसपास. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, बेणं घरात आहे. त्यानं हळदच लावली.