काळ्या खडकाखाली आग आहे काय?

थंडीचे दिवस होते. सावेडीतील एका मळ्यात कर्ज काढून नवी विहीर खोदणे चालू होते. पहिले पाणी लागले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यावरून वाफा निघू लागल्या. मजूर घाबरून वर आले. “खाली ज्वालामुखी हाय,” अशी आवई उठली. काम थांबले. घरच्या बाईंनी मला विचारले, “साहेब, आपला खडक आगीतूनच झाला म्हणता ना? मग ती परत येणार नाही कशावरून?”

शेतकरी बंधुभगिनींनो, प्रश्न रास्त होता. मी त्यांना विहिरीची कडा दाखविली. वर काळी माती, खाली मुरूम, मग काळा पाषाण आणि मध्येच तांबड्या मातीचा पट्टा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारस वाहिला व थिजला, तो हा पाषाण. मध्ये दीर्घ विसावा पडला, तेव्हा खडक झिजून तांबडी माती झाली आणि तिच्यावर पुन्हा रस पसरला. थर कुठे जाड, कुठे पातळ. पाटाच्या पाण्यासारख्या ठरलेल्या पाळ्या येथे नव्हत्या!

आजच्या ज्वालामुखींचेही असेच आहे. गायीची कास भरली की ती विणार हे कळते, पण घटका सांगता येत नाही. लहान धक्के बसतात, जमीन फुगते, वायू निघतात. तरी कधी रस वर न येता आतच थिजतो. फिलिपाईन्समधील पिनातुबोची लक्षणे 1991 साली वेळीच ओळखली गेली व हजारोंचे प्राण वाचले. जपानच्या ओन्ताके पर्वताने 2014 साली मात्र पुरेशी चाहूल दिली नाही; साठांहून अधिक माणसे गेली. आपल्या अंदमानातील बॅरन बेट दीडशेहून अधिक वर्षे निजून 1991 साली जागे झाले.

मग आपले काय? भारताची भूमी तेव्हापासून सरकत उत्तरेला आली. आपला खडक घडविणारी आग आज दूर हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली आहे, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. त्यामुळे सावेडीच्या विहिरीतून लाव्हा येण्याची धास्ती नको. गार हवेपेक्षा विहिरीचे पाणी कोमट असते, म्हणून पहाटे वाफ दिसते, एवढेच!

खरा धोका ढासळणाऱ्या मुरमाचा. त्या थराला आधी पक्के बांधकाम करून घ्या, मगच माणूस खाली उतरवा. आणि धरणीकंपाची वा आगीच्या डोंगराची नेमकी तारीख कोणी छातीठोकपणे सांगू लागला, तर त्याच्यामागे धावू नका.

त्या मळ्यात तिसऱ्या दिवशी मजूर पुन्हा विहिरीत उतरले. रब्बीला पाणी मिळाले.