तीन हजार नळ्या आणि एक आकडा

मराठी संगीत रंगभूमीवर ज्याला ‘ऑर्गन’ म्हटले गेले, ते वस्तुतः भात्यावर चालणारे, रीडचे वाद्य. आपल्या पेटीचेच थोरले भावंड. युरोपातील चर्चमधील पाइप ऑर्गनची जात निराळी. तेथे प्रत्येक नादगुणासाठी स्वरागणिक एक नळी लागते. पट्टीवर ६१ स्वर असतील, तर एका नादगुणाला ६१ नळ्यांची एक पंक्ती. अशा ५० पंक्ती म्हणजे तीन हजारांहून अधिक नळ्या!

हा डोलारा संगणकात उतरवणारी सॉफ्टवेअर आज उपलब्ध आहेत. ‘हाउप्टवेर्क’ २००२ साली आले. ‘ग्रँडऑर्ग’ हे विनामूल्य आहे. इंग्लंडमधील सॉल्सबरी कॅथीड्रलमध्ये हेन्री विलिस यांनी १८७७ साली उभारलेल्या ऑर्गनचेही ध्वनिमुद्रण अशा वापरासाठी झाले आहे. नळी न् नळी वेगळी मुद्रित करायची आणि घरच्या कीबोर्डवर बोट पडताच तोच आवाज उमटवायचा, अशी ही योजना.

अडचण येते ती सर्व आवाज संगणकाच्या मेमरीत भरताना. सेकंदाला ४८ हजार नमुने, दोन चॅनेल, २४ बिट आणि प्रत्येक आवाज सरासरी सहा सेकंदांचा धरला, तर ३०५० नळ्यांना सुमारे सव्वापाच जीबी मेमरी लागते. १६ बिटवर तेच काम साडेतीन जीबीत भागते. हा बदल नळीगणिक करू गेल्यास आठवडे जातील. म्हणून ग्रँडऑर्गमध्ये सेटिंगची उतरंड असते: सर्वांत वर संपूर्ण ऑर्गन, त्याखाली हवापेटी, मग पंक्ती, शेवटी नळी. वर ठरवलेले बिट खालच्यांना आपोआप लागू होतात. मात्र ऑर्गन पुन्हा लोड करावा लागतो.

आवाजाच्या पातळीचा हिशेब मात्र वेगळा, आणि नवखे फसतात ते येथेच. डेसिबलमधील वाढ-घट प्रत्येक पायरीवर बेरजेने जमा होते. एखादी पंक्ती कर्कश वाटली आणि पंक्तीच्या पायरीवर तीन डेसिबल कमी केले, तर तिच्या ६१ नळ्या सारख्याच दबतात. त्यांच्यातील आपापसांतला उंचसखलपणा कायम राहतो. याउलट, त्या ६१ नळ्या एकत्र निवडून नळीच्या पायरीवर सर्वांना एकच आकडा दिला, की ध्वनिसंच तयार करणाऱ्याने कान लावून ठरवलेले नळीगणिक फरक पुसले जातात. पंक्ती सपाट, निर्जीव वाजू लागते. वेळ वाचला खरा, पण कोणाच्या तरी महिन्यांच्या मेहनतीवर बोळा फिरला. तेव्हा मेमरीचे निर्णय सर्वांत वर, आवाजाचे पंक्तीवर आणि एकट्यादुकट्या बेसूर नळीचेच नळीवर, हा क्रम बरा.

काही हौशी वादक याहून धाडस करतात. ग्रँडऑर्गमधील ऑर्गनची व्याख्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते. ती उघडून ‘शोधा आणि बदला’ चालवले, की शेकडो ओळी क्षणात बदलतात. पण ‘१’च्या जागी ‘२’ घालताना ‘१२’चेही ‘२२’ होतात आणि तक्रार ऐकू येते ती थेट वाजवताना. खिडकीतून केलेले बदल मूळ फाइलला हात न लावता वेगळे साठवले जातात. शिवाय ते निर्यात करून जपून ठेवण्याची सोयही आहे. मोठ्या फेरबदलाआधी ती वापरावी.