कतरणीची गठडी पारखताना

गृहिणींनो, जबलपूर सलवार-कुर्त्यांच्या शिलाईसाठी प्रसिद्ध आहे. अशा शिलाईत उरणारे तुकडे, तिकडच्या बोलीत ‘कतरण’, गोधडीला फार उपयोगी पडतात. गठडी घेताना आपली दृष्टी प्रथम रंगावर जाते. परंतु गोधडी टिकते ती पोतामुळे. जाड कापडाशेजारी झिरझिरीत तुकडा जोडला, तर धुण्यात तोच आधी विरतो व भोवतालचे टाके उसवतात.

म्हणून गठडी सोडवून आतले तुकडेही उजेडात धरून पाहावेत. घरी एक धागा जपून जाळून पाहावा: सुताची मऊ राख होते, कृत्रिम धाग्याचा वितळून कठीण मणी बनतो. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासल्यास कच्चा रंग लगेच कळतो.

मापही महत्त्वाचे. ४ फूट रुंद व ६ फूट लांब गोधडीला ६ इंची ९६ चौकोन लागतात. चहूबाजूंनी अर्धा इंच शिवणीत जातो, तेव्हा प्रत्येक तुकडा ७ इंची हवा. सारे तुकडे आधी धुऊन घ्यावेत, म्हणजे आटायचे ते आधीच आटते.

इतकी पारख केल्यावर, तान्ह्या बाळाखाली गोधडी अंथरताना रंग लागेल किंवा शिवण उसवेल, ही धास्ती उरत नाही.