जाळं फाटतं तिथला मासा

बीड जिल्ह्यातल्या माजलगाव धरणाचं पाणी उतरू लागलं, की बुडालेल्या बाभळींची खोडं वर डोकावतात. भोई त्यांच्यापासून तराफा जपून काढतात. जाळं अडकलं तर फाटतं आणि शिवण्यात अख्खी दुपार जाते. तरी जाळ्याची एक कड खोडांच्या जवळच सोडलेली असते. "काय करता सायेब, मासा तिथंच ऱ्हातोय," तराफ्यावरचे काका म्हणाले आणि पाण्यातली एक फांदी उचलून दाखवली. तिच्यावर शेवाळाचा थर, थरात बारक्या गोगलगायी आणि अळ्या. त्या खायला लहान मासे येतात, लहानांमागे मोठे.

उघड्या पाण्यातलं जाळं ओढलं तर बहुतेक चिलापी. खोडांकडे लावलेल्या गळांना एक वाम आणि एक मरळ. वामीला दिवसा दडायला दगडांची, मुळांची फट लागते. मरळ काठच्या पाणवनस्पतींत अंडी घालते आणि पिलांची राखण करते. चिलापीचं असं काही अडत नाही. नर उथळ चिखलात खड्डा करतो, मादी अंडी तोंडात घेऊन फिरते. तळ उघडाबोडका झाला तरी तिचा संसार चालतो.

आणि तळ उघडाबोडका होतोच. गाळ साचून फटी बुजतात. खोडं सरपणाला जातात. पाणी हटलं की गाळपेर होते, काठची वनस्पती नांगराखाली जाते. रोहू-कटल्याची गोष्ट वेगळी. त्यांना अंडी घालायला पुराचं वाहतं पाणी लागतं, म्हणून धरणात दरवर्षी बोटुकली, म्हणजे बोटभर पिलं, सोडावी लागते. तिचा हिशोब ठेवला जातो. बोटुकली लपणार कुठे, याचा रकाना मात्र मला कुठल्या कागदावर दिसला नाही.

प्रवाळ बीडमध्ये कुठून असणार? पण मालवणच्या समुद्रात, जिथे १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झालं, आसरा गेला की मासे बदलतात, हा नियम जास्त ठळक दिसतो. पाणी तापलं की प्रवाळ पांढरं पडतं. ताप लांबला तर मरतं आणि त्याचा सांगाडा हळूहळू मोडतो. मेलेल्या प्रवाळावर शेवाळ माजतं, ते खाणारे मासे काही काळ वाढतातही. मात्र जिवंत प्रवाळावर जगणारे, त्याच्या कपारीत दडणारे मासे कमी होतात. नुसते मासे मोजणाऱ्याला आधी सगळं ठीकच वाटेल.

धरणाच्या काठावरचा वजनकाटाही असाच फसवतो. टोपली भरलेली असते, पण कशाने? चिलापी भरपूर असली तरी तिला भाव कमी. मरळीला गिऱ्हाईक काठावरच थांबलेलं.

काठाला फांद्यांचे भारे बुडवले तर? मासे जमतील, यात शंका नाही. पण जमलेले आणि वाढलेले यांत फरक आहे. भाऱ्यांभोवतीच जाळं फिरवलं तर तो सापळा झाला. मी हे बोललो तेव्हा काका हसले. "भारा टाकंल एक, जाळं टाकंल दुसराच." मासेमारीचा ठेका संस्थेकडे, पाणी पाटबंधाऱ्याचं, गाळपेर तिसऱ्याची. मग ते पुन्हा फाटलेल्या जाळ्याकडे वळले.