पांढऱ्या सुताची काळी मोटार

बीएमडब्ल्यूच्या आय-थ्री या मोटारीचं दार उघडलं, की कडेला काळ्या धाग्यांची वीण उघडीच दिसते. प्रवासी बसतात तो सगळा पिंजरा याच कार्बन फायबरचा. 2013 ते 2022 या काळात जर्मनीत लाइपझिगला अशा अडीच लाख विजेच्या गाड्या बनल्या. सुरुवातीच्या गाडीचं वजन बॅटरीसकट जेमतेम 1,200 किलो!

या धाग्याचा जन्म जपानमधल्या ओताकेचा, आणि तोही पांढराशुभ्र. आपल्या स्वेटरच्या अ‍ॅक्रिलिक लोकरीचा हा सख्खा भाऊ. दोघांचं मूळ खनिज तेलात. म्हणजे पेट्रोल न पिणाऱ्या गाडीचा सांगाडा तेलातूनच निघालेला. पांढरी रिळं पॅसिफिक ओलांडून अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या मोझेस लेकला जायची. तिथे 200 ते 300 अंश सेल्सिअसच्या भट्टीतून सरकता सरकता धागा आधी पिवळा, मग तपकिरी, मग काळा. पुढच्या भट्टीत नायट्रोजन आणि हजार अंशांहून जास्त आच. कार्बन सोडून जवळजवळ सगळं उडून जातं, वजन निम्म्यावर येतं. उरतो सात मायक्रॉनचा तंतू, केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा. असे 50,000 तंतू एका पेडात! मग हे पेड बव्हेरियातल्या वाकर्सडॉर्फला, कापड व्हायला.

एवढी जगप्रदक्षिणा कशाला, असं वाटेल. पण खरा खर्च जहाजांचा नाही, भट्ट्यांचा. मोझेस लेकची निवड झाली ती धरणांच्या स्वस्त विजेसाठी. कोळशा-वायूच्या विजेवर हाच धागा केला, तर किलोमागे वीसेक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. किलोभर पोलादामागे जातो दोनेक किलो.

आता ढोबळ हिशेब मांडू. पेट्रोलच्या गाडीतून शंभर किलो वजन उतरवलं, तर शंभर किलोमीटरमागे साधारण पाव लिटर पेट्रोल वाचतं. भट्टीत आधीच सोडलेला धूर या बचतीतून फिटायला लाख-दोन लाख किलोमीटर सहज लागतात. धरणाची वीज असेल, तर पुष्कळ आधी. विजेच्या गाडीत तर गंमतच होते. ब्रेक मारताना ती थोडी ऊर्जा परत बॅटरीत भरते, म्हणून हलकेपणाचा फायदाच घटतो. माझ्या मते हलकेपणाची खरी कमाई इंधनात नाही, बॅटरीत आहे: गाडी हलकी, तर तेवढ्याच पल्ल्याला बॅटरी लहान पुरते.

भंगाराचं मात्र अजून नीट जमलेलं नाही. पोलाद वितळवून पुन्हा पोलाद होतं. इथे धागे एपॉक्सी राळेत घट्ट बसलेले, आणि ही राळ एकदा कडक झाली की वितळत नाही. कारखान्यातली कोरडी कात्रणं गोळा करून आय-थ्रीचं छत बनायचं, ते सोपं. जुन्या गाडीतला धागा सोडवायचा तर 500 अंशांच्या आसपास, प्राणवायू जवळपास नसलेल्या भट्टीत राळ उडवून लावावी लागते. हाती येतात ते आखूड तुकडे. त्यांचा नवा पिंजरा होत नाही. लॅपटॉपचं कवच किंवा गाडीतला एखादा छोटा भाग होतो.